‘तीन दिवसांत रीफ’ संचाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

डोंबिवली (पूर्व)
दिनांक: २० एप्रिल २०२५

विषय: खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या संचातील सदोष साहित्य, चुकीची माहितीपुस्तिका आणि ₹१०,४५० परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमचा ‘कमी बजेटमधला पहिला रीफ’ हा संच (रीफ म्हणजे प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी) ८ मार्चला माझ्या घरी पोचला. किंमत ₹१६,५००. ही रक्कम माझ्या भिशीची. भिशी लागली तेव्हा घरात वॉशिंग मशीनपासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत बरेच दावेदार होते, त्या सगळ्यांना मागे सारून मी मत्स्यालय घेतलं. हे कीव यावी म्हणून लिहीत नाही. तुमच्या जाहिरातीतच ‘खिशाला परवडणारा समुद्र’ असे शब्द आहेत, म्हणजे दुसऱ्यांदा खरेदी करणं ज्याला जमणार नाही असाच ग्राहक तुम्ही शोधत होता. तो मी आहे.

२० मार्चला मी तुमच्या ग्राहक सेवेला पहिलं पत्र ईमेलने पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: ‘जिवंत वस्तूंवर वॉरंटी नसते.’ पुढे माशाचं चित्र. तक्रार क्रमांक नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. वजन करणं, मोजणं आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवणं हेच माझं रोजचं काम. खालचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

आधी मीठ. तुमच्या पाकिटावर ‘२ किलो = १०० लिटर’ असं छापलंय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो तरी हवेत. टाकी २४ बाय १५ बाय १५ इंच, काठोकाठ भरली तर ८८ लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता मी बादलीने मोजून ७० लिटर पाणी घातलं आणि पाकीट पूर्ण रिकामं केलं. लिटरला जेमतेम २८ ग्रॅम झाले. हे गणित मला तेव्हाच दिसायला हवं होतं, ती चूक माझी. पण संचातला हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवणारं उपकरण) पाण्यात बुडवला तर काटा बरोब्बर १.०२५ वर, म्हणजे खऱ्या समुद्राइतका! काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो जास्त दाखवतो हे माहीत असल्याने टिचक्या मारून बुडबुडे झटकले, पुन्हा पाहिलं. तरी १.०२५. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल.

ठाण्यातल्या एका जुन्या हौशी माणसाने नंतर त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता मोजणारं उपकरण) आणून दिला. ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर तो माझ्यासमोर लावून घेतला आणि मग माझं पाणी पाहिलं. क्षारता २६, घनता १.०१९ च्या आसपास. थोडक्यात, तुमचं मीठ कमी पडलं आणि तुमच्या उपकरणाने ते झाकलं. एक चूक एकटी असती तर पकडली गेली असती. दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं.

त्या पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही, कमाल किरकोळ किंमत नाही. कुठल्यातरी मोठ्या गोणीतून काढून झिप पिशवीत भरलेलं दिसतं. पॅकबंद मालावर काय छापायचं हे २०११ च्या वैधमापन नियमांत लिहिलेलं आहे. पिशवी मी जपून ठेवली आहे.

आता पुस्तिका. पान ४: ‘पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी बॅक्टेरिया, तिसऱ्या दिवशी मासे.’ माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर, वाळूत वस्तीला यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू जिवंत असतील तर हा काळ कमी होतो हे मान्य. पण तुमच्या बाटलीवर वापराची अंतिम तारीख नाही आणि ती माझ्याकडे तीन दिवस कुरिअरच्या गाडीत, मार्चच्या उन्हात फिरून आली. तिच्यात काय जिवंत होतं ते तुम्हीच सांगा.

पुस्तिकेप्रमाणे १२ तारखेला तुमच्या कूपनवर दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी आणि दोन शंख आले. १४ तारखेला, धुळवडीला, खाली सोसायटीत रंग चालू होता आणि वर एक मासा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता. संचातल्या पट्टीने पाणी तपासलं. पीएच ठीक, नायट्रेट ठीक, कठीणपणा ठीक. अमोनिया? त्या सहा चौकोनांत अमोनियाचा चौकोनच नाही! नव्या टाकीत जी गोष्ट सगळ्यात आधी मोजायची असते ती सोडून बाकी सगळं त्या पट्टीवर आहे.

प्रयोगशाळेत अमोनिया तपासायचं नेसलरचं द्रावण आहे, पण समुद्रपाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ते गढूळ होतं, रंग वाचता येत नाही. शेवटी सॅलिसिलेट पद्धतीचं किट ₹९५० ला बाहेरून घेतलं. आकडा आला लिटरला २ मिलिग्रॅम. पीएच ८.२ आणि पाणी तिशीला आलेलं असताना त्यातला विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा आणखी वाढतो. तोपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि मासा गेला होता.

कोळंबी आणि शंख तर त्याच्याही आदल्या रात्री गेले. त्याची हकिगत वेगळी, आणि लिहिताना मला अजून राग येतो. पाणी कोणतं वापरायचं हे मी ६ मार्चला तुमच्या प्रतिनिधीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं. उत्तर: ‘घरचा आरओ चालेल.’ मी मुद्दाम पुढे लिहिलं, ‘आमचा आरओ कॉपरवाला आहे.’ त्यावर उत्तर आलं, ‘मग अजून चांगलं मॅडम, हेल्दी.’

माणसाच्या पिण्याला चालणारं तांबं कोळंबी, शंख, प्रवाळ अशा अपृष्ठवंशीय जिवांना विष ठरतं. माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध देतात तेसुद्धा याच कारणाने वेगळ्या टाकीत. आपल्याकडे कितीतरी घरांत ‘कॉपर’ लिहिलेले आरओ लागलेले असताना, भारतात खाऱ्या पाण्याचं सामान विकणाऱ्याला पहिलं हेच ठाऊक हवं. आणि तांबं पाण्याबरोबर निघून जात नाही, चुनखडीच्या दगडात आणि वाळूत मुरतं. कोळंबीला कमी क्षाराने मारलं, अमोनियाने की तांब्याने, हे मला सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी तुमच्या सांगण्यावरून तिच्यापर्यंत पोचल्या.

दगडाबद्दल थोडं. बिलावर ‘लाइव्ह रॉक, ५ किलो, ₹३,२००’ असं आहे, म्हणजे जिवाणूंची वस्ती असलेला जिवंत दगड. आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत, वरून जांभळा रंग फासलेला (नखाने निघतो). त्यावर कधीकाळी काही जगत असलं तरी प्रवासात ते संपलं. पण भिंगाखाली पाहिलं तर रंगाच्या खाली ताऱ्यासारख्या खळ्या दिसतात. हा प्रवाळाचा सांगाडा आहे. २००१ पासून रीफ बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. तेव्हा हा दगड कुठून आला ते मला लेखी हवं आहे. प्रवाळ जिवंत असो की मेलेलं, कायद्याचा प्रश्न आहेच, आणि मेलेलं असेल तर वर बिलही खोटं आहे.

याच कारणाने तुमचं ‘मोफत हॅमर कोरल’चं कूपन मी वापरलं नाही. कागदपत्रं मागितली तर प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, सगळेच विकतात.’ माझं आजोळ मालवणकडचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड बुडवून मी प्रवाळ पाहिलेलं आहे. १९८७ साली अभयारण्य झालेला तो भाग. तिथून काही उचलायचं नसतं हे तिथल्या पोरांनाही माहीत असतं. मत्स्यालयाचं ऐकून मामा हसला होता, ‘दर्या काय काचेत मावता गो?’ मला मऊ झोअँथिडचे (प्रवाळासारखे, पण दगडी सांगाडा नसलेले जीव) दोन तुकडे, तेही कुणा हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले, एवढ्यावर समाधान होतं. मासेही पैदाशीचे हवे होते. क्लाऊनफिशची पैदास आपल्याच देशात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, कधीच जमवली आहे. तुमच्या जाहिरातीत ‘टँक ब्रेड’, म्हणजे टाकीत पैदा केलेले, असं लिहिलं होतं, बिलावर नाही.

हीटरचं मात्र हसू येतं. १०० वॅटचा, ₹१,१५०. डोंबिवलीत! २ एप्रिलला दुपारी टाकीचं पाणी ३१.५ अंश होतं, हीटरचं खोकंसुद्धा न उघडलेलं. प्रवाळाला २४ ते २७ लागतं. इथे प्रश्न पाणी गार ठेवण्याचा आहे, आणि चिलर तर अख्ख्या संचापेक्षा महाग. पाण्यावर तिरका धरलेला एक छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, तो मी ₹४०० ला आणला. तुमची पुस्तिका कुठल्या थंड देशातल्या कागदावरून उतरवली आहे हे यावरूनच कळतं.

पंखा लावला की पाणी उडतं, दिवसाला लिटर-सव्वा लिटर. त्यावर तुमचं पान ९ म्हणतं, ‘कमी झालेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरून काढा.’ अहो, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. भाईंदरपासून उरणपर्यंत मिठागरं याच जोरावर चालली. भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही क्षारमुक्त. हे पान वाचून कुणी महिनाभर खारं पाणी ओतत राहिला तर त्याच्या टाकीचं मिठागरच होईल.

जे ठीक आहे तेही सांगते. टाकीची काच सरळ आहे, सिलिकॉनचे सांधे स्वच्छ आहेत, गळती नाही. पंप आवाज करत नाही. दिवा साधा आहे पण झोअँथिडला पुरेल. वाळू धुवायला तीन तास लागले, पण वाळू चांगली. या चारींचे मिळून ₹६,०५० होतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

उरलेला मासा ठाण्याच्या त्या गृहस्थांच्या टाकीत आहे आणि खातो-पितो आहे. माझी टाकी मी रिकामी करून पुन्हा लावली. तुमचा दगड बाहेर काढला, त्यांनी त्यांच्या टाकीत वापरलेला सिरॅमिकचा दगड दिला. प्लंबरला ₹३०० देऊन आरओच्या मेम्ब्रेननंतर, तांब्याच्या कार्ट्रिजच्या आधी फाटा काढला आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) बसवलं. पूर्वी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८५ यायचा, आता शून्य येतो. जिवाणूंसाठी त्यांच्या फिल्टरमधला ओंजळभर स्पंज, आणि जिवाणूंच्या खाण्याला अमोनिया मिळावा म्हणून बाजारातली एक मेलेली कोळंबी जाळीच्या पिशवीत टांगली. मासळीवालीने एका कोळंबीचे पैसेच घेतले नाहीत. आज अमोनिया शून्य आहे, नायट्राइट उतरतंय.

माझ्या मागण्या अशा.

दगड ३,२००, मीठ १,४००, हायड्रोमीटर ६५०, पट्ट्या ५५०, बॅक्टेरियाची बाटली ९००, हीटर १,१५० आणि जिवंत प्राण्यांचे २,६००, असे एकूण ₹१०,४५० मला परत मिळावेत. मासे-कोळंबीवर वॉरंटी मागते आहे असा अर्थ काढू नये. ते तुमच्या पान ४ प्रमाणे आणि तुमच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने टाकीत गेले, म्हणून ही रक्कम मागते आहे. परत न्यायच्या वस्तू बांधून ठेवल्या आहेत, कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवावा. दगडाच्या उगमाबद्दल लेखी उत्तर द्यावं. पुस्तिकेतली पान ४ आणि ९ बदलावीत, पाण्याच्या पानावर तांब्याचा इशारा ठळक छापावा, आणि जाहिरातीतले ‘तीन दिवसांत’ हे शब्द काढावेत. मार्चमध्ये हा संच घेतलेल्या बाकीच्या ग्राहकांनाही हे कळवावं. त्यांच्यापैकी कितीजणांकडे रिफ्रॅक्टोमीटर असेल?

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. २० मार्चच्या पत्राची तक्रार क्रमांकासह पोच आलेली नाही आणि महिना आज संपतो. आणखी १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ वर नोंद करून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, त्यामुळे माझं बजेट त्यातही बसतं.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाच्या प्रती, मिठाच्या पिशवीची आणि दगडाची छायाचित्रं, वहीची ११ पानं, पुस्तिकेची पान ४ आणि ९.

ता. क. – ‘तुमच्या दोन मोफत माशांचं कूपन या आठवड्यात संपतंय, आजच वापरा’ असा तुमचा मेसेज सकाळी आला. मासे पाठवू नका. टाकीला अजून दोन आठवडे लागतील.