आवाज दिलात, आकृती मुकीच ठेवलीत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मराठी जीएसटी व टॅली कोर्समधील ऑडिओ निवेदनाबाबत तक्रार

महोदय,

मी बेळगावात, शहापूरला मामांच्या साडीच्या दुकानात हिशेब ठेवते. नजर हळूहळू गेली; आता उजेड आणि सावली तेवढी कळते. फोनवर टॉकबॅक, संगणकावर एनव्हीडीए, या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर माझं काम चालतं. शिक्षण मराठी शाळेत झालं, म्हणून मराठी कोर्स शोधत होते. तुमच्या जाहिरातीत 'दृष्टिहीनांसाठी संपूर्ण ऑडिओ निवेदन' असं होतं. त्या एका ओळीवर विसंबून मी 4,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, असे 4,720 रुपये भरले.

निवेदन आहे, ते मी नाकारत नाही. पण धडा उघडला की ते आपोआप सुरू होतं आणि त्याच क्षणी माझा स्क्रीन रीडरही बोलू लागतो. सणाच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत दोन फेरीवाले शेजारीशेजारी उभे राहिले की जे ऐकू येतं, ते. थांबवायला जावं तर 'बटण, बटण, बटण' एवढंच कानावर पडतं, कारण एकाही बटणाला नाव नाही. आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांहून लांब असेल तर तो थांबवता आला पाहिजे, ही अट डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांच्या सर्वांत खालच्या पातळीवरच आहे. आणि वेग? मी स्क्रीन रीडर दुप्पट वेगानं ऐकते. तुमचा निवेदक त्याच्या चालीनं चालतो, मी त्याच्यामागे.

खरा राग चौथ्या धड्याचा आहे. इचलकरंजीहून कापड येतं ते दुसऱ्या राज्यातून, म्हणून त्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी. तेच इथल्या गिऱ्हाइकाला विकलं की केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. सीमेवर दुकान असलेल्याला हा रोजचा हिशेब. मी कोर्स घेतला तो मुळात एवढ्यासाठीच. कोणतं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कुठे वळवायचं याची तुमच्या धड्यात आकृती आहे म्हणे. निवेदक म्हणतो, "बाणांनी दाखवल्याप्रमाणे क्रेडिट वापरावे," आणि धडा संपतो. बाण कुठून कुठे जातात? आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्यात संपवायचं, उरलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटीत वळवायचं; सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही, एसजीएसटीचं सीजीएसटीला नाही. एवढं बोलायला अर्धा मिनिट पुरतं. मला ते शेवटी मामांच्या सीएंनी फोनवर सांगितलं, तेही फुकट.

आवाजाबद्दलही लिहिते. तो यंत्राचा आहे आणि त्याला 'ळ' येत नाही. 'ताळेबंद' दर वेळी 'तालेबंद' होतो, जणू दुकानाला कुलूपच लागलं. उदाहरणातलं बेळगावही 'बेलगाव' झालंय. गावाच्या नावावरून आमच्याकडे आधीच कमी वाद नाहीत.

मदत केंद्राला दोनदा लिहिलं. पहिलं उत्तर आलं, 'कॅप्शन सुरू करून पाहा.' कॅप्शन वाचता आली असती तर निवेदन कशाला मागितलं असतं?

30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. त्या प्रकरणात बँकेचं केवायसी करता न आलेला अंध माणूसही होता. दिव्यांगांचा 2016 चा कायदा तर त्याच्या कितीतरी आधीचा.

माझी मागणी सरळ आहे. आपोआप वाजणं बंद करा, बटणांना नावं द्या, प्रत्येक आकृती आणि तक्ता बोलून सांगा, आणि सोबत धड्याचा लिखित मजकूर द्या. मजकूर मिळाला तर निवेदन नसलं तरी माझं अडणार नाही. माझा स्क्रीन रीडर तो वाचेल, माझ्या वेगानं. पंधरा दिवसांत हे जमणार नसेल तर 4,720 रुपये परत करा. नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही.

उत्तर साध्या मजकुरात पाठवा. मागचं उत्तर तुम्ही पत्राचा फोटो काढून पाठवलं होतं. भाचा शाळेतून येईपर्यंत त्यात काय लिहिलंय ते मला कळलं नव्हतं.

आपली,
एक ग्राहक
शहापूर, बेळगाव