बेपत्ता नवरा आणि मालिकी चार वर्षं

मुस्लिम कायदा एकसाची आहे, हे गृहीतच चुकीचं. हनफी आणि मालिकी हे सुन्नी मुस्लिम कायद्याचे दोन वेगळे पंथ. रूढ हनफी मतानुसार बेपत्ता नवरा नव्वदीचा होईपर्यंत बायकोनं थांबायचं. मालिकी मतात मुदत चार वर्षं. अशरफ अली थानवींसारख्या पक्क्या हनफी आलिमांनीच, म्हणजे धर्मपंडितांनीच, मालिकी तोडगा स्वीकारला (हे विशेष!), आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तीच चार वर्षं आली. या कायद्याखाली बायकोनं लावलेले घटस्फोटाचे दावे अडतात ते तपशिलात. अर्जात नवऱ्याच्या वारसांची नावं-पत्ते हवेत. त्याचा चुलता आणि भाऊ वारस नसले तरी पक्षकार करावे लागतात. घटस्फोटाचा हुकूमनामा सहा महिने लागूच होत नाही. त्या मुदतीत नवरा हजर होऊन नांदवायची तयारी कोर्टाला पटवून देऊ शकला, तर हुकूमनामा रद्द होतो. तेव्हा दुसऱ्या निकाहची घाई नको.

– एक वकील, रत्नागिरी