बदली येईपर्यंत

पुणे

प्रिय मंगल,

घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरू का, घरोघरी अशा बायका पाठवणाऱ्या ब्यूरोत नाव घालू का, असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

काम वाईट नाही गं. शी-शू काढायची किळस आठ दिवसांत जाते. मला आजारी पाडलं ते ब्यूरोच्या कारभारानं.

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेत एका आजोबांकडे रात्रपाळी होती, आठ ते आठ. ब्यूरोतून सांगितलं, "हलकं पेशंट आहे, नुसतं सोबत बसायचं." जाऊन बघते तर अर्धांगवायू. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. देह असा भरलेला की दोघींनी उचलावं. सकाळी आठला बदलीची बाई यायची, ती आलीच नाही. फोन केला तर एकच उत्तर, "ताई, थांबा, बघतो." पेशंट एकटं टाकून कशी निघणार? दुपारचे चार वाजले. बसल्या जागी माझे डोळे मिटत होते. आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगल्या हातानं स्वतःच्या उशाची एक उशी ओढली आणि माझ्याकडे सरकवली.

वरच्या आठ तासांचा एक रुपया मिळाला नाही. कंबर धरली म्हणून त्या रात्री गेले नाही, तर खाडा मांडला.

आणि पेशंट गेलं की? एका आजींना मी सात महिने सांभाळलं. त्या पहाटे गेल्या, मीच त्यांचे डोळे मिटले. संध्याकाळी मोबाइलवर पुढच्या घराचा पत्ता आला होता. नवीन घरी भात भरवताना हात थांबायचा माझा.

आता आहे त्या ब्यूरोच्या बाई स्वतः नर्स होत्या. त्या आधी पेशंट बघून येतात. वजन किती, लघवीची नळी आहे का, रात्री किती वेळा उठवतात, आपल्याला पाठ टेकायला जागा आहे का, सगळं वहीत लिहितात. बदली आली नाही तर स्वतः येऊन उभ्या राहतात. पेशंट गेलं तर दोन दिवस कुठं पाठवत नाहीत. पगार थोडा कमी आहे, पण मला झोप लागते.

एक मात्र ध्यानात ठेव. घरातलं कुणी अंगचटीला आलं आणि ब्यूरो म्हणालं "सांभाळून घ्या", तर ऐकू नकोस. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घरकाम करणाऱ्या बायकांनाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुठंही नाव घालण्याआधी, बदली आली नाही तर कोण येणार, हे विचार. माझी सुट्टी गुरुवारी असते. तेव्हा ये, बाईंकडे घेऊन जाते.

तुझी,
शोभा