त्यांना उठू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वार्धक्यातील आरोग्याविषयीचा लेख वाचला. आहार, झोप, चालणं, सगळं त्यात होतं. पण म्हातारपणाबद्दल आपल्या मनात जे बसलेलं असतं, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्यांना त्यांच्या घरी जाऊन चालवते. मला तरी सगळ्यात जास्त आडवं येतं ते हेच.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचं आयुष्यभराचं काम याच विषयावर आहे. त्यांचा २०१२ सालचा एक अभ्यास मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. न्यू हेवन परिसरातल्या सत्तरीपुढच्या लोकांना विचारलं होतं की, म्हातारी माणसं म्हटल्यावर तुमच्या मनात पहिले पाच शब्द कुठले येतात? अभ्यासात आले तेव्हा हे सगळे आंघोळ, कपडे, उठणं, चालणं स्वतःचं स्वतः करत होते. पुढे जवळजवळ अकरा वर्षं दर महिन्याला त्यांची विचारपूस झाली. मधल्या काळात जे ५९८ जण परावलंबी झाले, त्यांच्यापैकी म्हातारपणाविषयी चांगले शब्द सांगणाऱ्यांची गंभीर परावलंबी अवस्थेतून पूर्ण सावरण्याची शक्यता इतरांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त निघाली.

तब्येत मुळात चांगली म्हणून विचार चांगले, असं कुणी म्हणेल. पण लेव्ही यांच्याच २००२ च्या अभ्यासात ओहायोतल्या ६६० जणांची सुरुवातीची तब्येत, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरलं होतं. तरीही आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले.

माझ्या एक पेशंट चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मोरीत घसरल्या. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जननी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. घरी आल्यावर मुलानं भाड्यानं हॉस्पिटलची खाट आणली. सून इतकी मायाळू, की चहासुद्धा चमच्यानं पाजायची. "या वयात कशाला त्रास द्यायचा?" असं सगळ्यांचंच म्हणणं. मला बोलावलं तोवर मांडीचा स्नायू हाताला लागत नव्हता आणि टाचेला जखम झाली होती. पाय खाली सोडा म्हटलं, तर त्या आधी मुलाच्या तोंडाकडे बघायच्या. "पिकलं पान मी, आता काय चालायचं?" आता त्या भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जातात, जिना मात्र कायमचा सुटला. त्यांच्याहून वयानं मोठ्या दुसऱ्या एक बाई, फ्रॅक्चर तसंच. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, भाजी आणायला मी कधीपासून जाऊ?" त्या जातात.

पहिल्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. सगळी माया होती, म्हणूनच बोलायला जड जातं.

लेव्ही आपल्या आजीची हकिगत सांगतात. फ्लोरिडातल्या एका दुकानात वाटेत ठेवलेल्या खोक्याला अडखळून आजी पडली, पायाला जखम झाली. दुकानदार म्हणाला, म्हातारी माणसं पडतातच, त्यात माझा काय दोष? खोकं त्याचं होतं! पण त्यानंतर रोजची साधी कामंसुद्धा आपल्याला जमतील का, अशी शंका आजी घेऊ लागली. असले बोल आमच्या पेशंटांच्या कानावर दिवसातून किती वेळा पडत असतील.

नुसत्या चांगल्या विचारांनी हाड जुळत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं घ्यायलाच हवीत, मोरीत धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी फरशी हवीच. पण ऑपरेशनवर लाखभर खर्च करून पेशंटला खाटेला बांधून ठेवायचं, हे मला बघवत नाही. घरी सोडताना सर्जननी पेशंटसमोरच घरच्यांना सांगावं, की या चालणार आहेत, यांना उठू द्या. डॉक्टरांच्या तोंडचं ते वाक्य घरात जेवढं ऐकलं जातं, तेवढं माझं ऐकलं जात नाही.

आणि आपल्याला एक विनंती. ज्येष्ठांवरच्या बहुतेक लेखांसोबत काठीवर टेकलेल्या सुरकुतलेल्या हाताचा फोटो असतो. तो आता बंद करावा. वॉकर सोडून पुन्हा चालू लागलेल्या माणसांचे फोटो हवे असतील, तर त्यांची परवानगी घेऊन ते मिळवून द्यायची माझी तयारी आहे.

– एक फिजिओथेरपिस्ट, मिरज