तुलुमची हॉटेले: वर्षानुवर्षांचा ताबा आणि हरवलेली मालकी

प्रति,
संपादक महोदय,

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर फ्लॅट घ्या, हॉटेलात हिस्सा घ्या, लग्न तिथेच करा, अशा जाहिराती अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपर्यंत सर्रास येतात आणि त्यांच्यामार्फत इथल्या नातेवाइकांपर्यंतही पोहोचतात. त्यांत वाळू दिसते, निळे पाणी दिसते, परताव्याचा टक्काही छापलेला असतो. जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि कोणाच्या नावावर आहे, हे मात्र कुठेच नसते. त्या किनाऱ्यावर सगळे अडते ते नेमके तिथेच, म्हणून हे सविस्तर पत्र.

१७ जून २०१६ रोजी याच किनाऱ्यावरच्या तुलुमच्या किनारी पट्ट्यातली डझनाहून अधिक हॉटेले आणि घरे एकाच दिवशी रिकामी करण्यात आली. न्यायालयाचा हुकूम, पोलीस आणि त्यांच्यासोबत खासगी माणसांचा जमाव. पाहुणे बॅगा घेऊन रस्त्यावर आले, कर्मचारी बाहेर काढले गेले, दारांवर नवे पहारेकरी उभे राहिले. त्याआधीच्या वर्षांतही तिथे असे प्रकार झाले होते. ही हॉटेले बेवारस नव्हती. अनेकांचे चालक तिथे वर्षानुवर्षे होते, कर भरत होते, माणसे कामाला ठेवत होते. तरीही ती गेली, कारण चालकाच्या हातात एका प्रकारचा कागद होता आणि दावेदाराच्या हातात दुसऱ्या प्रकारचा.

हे दोन प्रकार समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. मेक्सिकोत खासगी मालकीची जमीन असते आणि ‘एहिदो’ची जमीन असते. एहिदो म्हणजे १९१७ च्या राज्यघटनेच्या कलम २७ मधून उभी राहिलेली, भूमिहीन शेतकऱ्यांच्या गटाला सामूहिकपणे दिलेली जमीन. १९९२ पर्यंत ती विकताच येत नसे. त्या वर्षीच्या घटनादुरुस्तीने आणि नव्या कृषी कायद्याने वाट खुली केली, पण ती वाट अरुंद आहे. आपल्याकडच्या भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीवर जशी अट असते, तशी अट इथेही आहे. फरक इतकाच की इथे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीऐवजी एहिदोच्या सभेचा ठराव लागतो.

त्या सभेचे नियम कडक आहेत. नोटीस किमान एक महिना आधी लावावी लागते. पहिल्या बैठकीला तीन-चतुर्थांश सभासद हजर हवेत. गणपूर्ती झाली नाही तर दुसऱ्या बैठकीला निम्म्याहून अधिक. ठराव हजर सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांनी व्हावा लागतो आणि सभेला सरकारच्या कृषी अभिवक्ता कार्यालयाचा प्रतिनिधी व नोटरी दोघेही उपस्थित लागतात. या ठरावाने सभासदाला आपल्या वाट्याच्या तुकड्यावर ‘पूर्ण मालकी’ घेण्याची मुभा मिळते. मग राष्ट्रीय कृषी नोंदणी कार्यालय तो तुकडा एहिदोच्या दप्तरातून वगळते, मालकी हक्काचे पत्र देते आणि ते पत्र राज्याच्या सार्वजनिक मालमत्ता नोंदणीत चढते. इथवर आल्यावरच ती जमीन बाहेरच्या माणसाला विकण्याजोगी होते. पहिल्या विक्रीच्या वेळी सभासदाचे कुटुंबीय, ती जमीन वर्षभराहून अधिक कसणारे, इतर सभासद आणि गावचे मान्य रहिवासी यांना अग्रक्रयाचा, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा, हक्क असतो. त्यांना रीतसर कळवून तीस दिवस थांबावे लागते. हे कळवणे राहून गेले तर विक्री पुढे रद्द होऊ शकते. माझ्या मते या प्रक्रियेतला सर्वांत जास्त दुर्लक्षित टप्पा हाच, कारण खरेदीच्या घाईत तीस दिवस कोणालाच परवडत नाहीत.

तुलुमसारख्या ठिकाणी व्यवहारात काय होते? पर्यटक यायला लागतात. सभासदाला पैसे हवे असतात आणि हॉटेलवाल्याला किनारा. सभेचा ठराव होईपर्यंत कोणी थांबत नाही. दोघे ‘हक्क सोडल्याचा करार’ करतात, नोटरी त्यावरच्या सह्या प्रमाणित करतो, शिक्का बसतो आणि कागद मालकीचा वाटू लागतो. पण कायद्याने एहिदोतल्या तुकड्याचे हक्क त्याच एहिदोच्या दुसऱ्या सभासदाला किंवा तिथल्या मान्य रहिवाशालाच देता येतात, आणि मान्य रहिवासी म्हणजे तिथे किमान वर्षभर राहिलेली, सभेने किंवा कृषी न्यायाधिकरणाने मान्य केलेली मेक्सिकन नागरिक व्यक्ती. परदेशी माणसाच्या किंवा कंपनीच्या नावे झालेला हा करार मालकी देत नाही. पुढे त्याच तुकड्याला पूर्ण मालकी मिळते, तीही मूळ सभासदाच्या नावाने, आणि तो किंवा त्याचे वारस नोंदणीकृत पत्रावर तिसऱ्यालाच विकतात. पहिल्या खरेदीदाराचा कागद कोणत्याच नोंदणीत नसतो, त्यामुळे तिसऱ्याला तो दिसतही नाही. याच्या जोडीला जुन्या खासगी खरेदीखतांची हद्द आणि एहिदोच्या नकाशाची हद्द एकमेकांवर चढलेली असते, ती वेगळीच डोकेदुखी.

मेक्सिकोच्याच बाहा कॅलिफोर्निया राज्यातल्या एन्सेनादाजवळच्या पुन्ता बांदा इथे हेच उलट्या दिशेने घडले. तिथे अमेरिकन निवृत्तांनी एहिदोच्या मार्फत मिळालेल्या भाडेपट्ट्यांवर घरे बांधली होती, शेजारी बाहा बीच अँड टेनिस क्लब नावाचे लाडके हॉटेल होते. जमीन मुळात एहिदोला चुकीने दिली गेली, ती खासगी मालकांची आहे, असा निकाल मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये तो अमलात आला. वरचा हक्कच गेला, तेव्हा त्यावर उभे असलेले भाडेपट्टे आपोआप कोसळले. भाडे वेळेवर भरल्याच्या पावत्यांनी कोणाचेही घर वाचवले नाही.

परदेशी माणसासाठी आणखी एक थर आहे. समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटर हा ‘प्रतिबंधित पट्टा’. त्यात परदेशी नागरिकाला जमिनीची थेट मालकी घटनेनेच नाकारलेली आहे. राहण्यासाठी घर घ्यायचे तर मेक्सिकन बँकेच्या नावे विश्वस्त निधी करावा लागतो. बँक कागदोपत्री मालक, आपण लाभार्थी. १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्यानुसार त्याची मुदत ५० वर्षे असते आणि ती वाढवता येते. हॉटेलसारख्या बिगर-निवासी वापरासाठी मेक्सिकोत नोंदलेली कंपनी थेट मालक होऊ शकते, मात्र तिच्या परदेशी भागधारकांनी आपल्या देशाच्या सरकारकडे दाद मागणार नाही, असे लिहून द्यावे लागते. एहिदोची जमीन विश्वस्त निधीत जाऊच शकत नाही. त्यामुळे दलाल ‘बँकेचा ट्रस्ट नंतर करू, आधी ताबा घ्या’ म्हणाला, की जमीन अजून एहिदोत आहे असे समजून पुढे चालावे.

बारा वर्षे ताबा आहे, तोच हक्क झाला, हा आपल्याकडचा समज घेऊन कोणी तिथे जाऊ नये. मेक्सिकोत ताब्याने हक्क मिळतो, सद्भावनेने ५ आणि एरवी १० वर्षांत, पण एहिदोच्या जमिनीवर त्यातून मिळतो तो सभासदासारखा कसण्याचा हक्क. सामाईक वापराच्या जमिनीवर आणि जंगलावर तोही नाही. तुलुमचा किनारी पट्टा बराचसा झाडीचाच आहे, हे इथे लक्षात घ्यावे.

शिवाय अगदी पाण्यालगतची वाळू. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून आत २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा असतो, मागची जमीन कोणाचीही असो. त्यावर खुर्च्या, झोपडीवजा बार किंवा विवाहमंडप लावायचा तर पर्यावरण मंत्रालयाचा परवाना लागतो. हा परवाना जमिनीबरोबर आपोआप हस्तांतरित होत नाही. मंत्रालयाची मंजुरी घेऊनच नाव बदलते. हॉटेल विकत घेतले आणि परवाना जुन्याच्याच नावे राहिला, असे प्रकार सर्रास होतात, आणि दावेदार मग मागच्या जमिनीऐवजी पुढच्या वाळूवरून कोंडी करतो. याच पट्ट्यातून लोकांना समुद्राकडे जाण्याचा हक्क आहे. तो अडवणाऱ्यांना दंड करणारी दुरुस्ती ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. हालिस्को राज्यातल्या तेनाकातिता इथे ऑगस्ट २०१० मध्ये स्थानिक मच्छीमार, खानावळी आणि छोटी हॉटेले हटवून किनाराच बंद केला गेला होता, त्यानंतरच्या वर्षांत या हक्काची चर्चा बळावली. तिथे बाहेर काढले गेलेले लोक एहिदोचे होते, हे मुद्दाम सांगतो. या वादात एहिदोचा शेतकरी लबाड आणि परदेशी हॉटेलवाला बिचारा, अशी वाटणी करणे चुकीचे आहे.

तुलुम ज्या किन्ताना रो राज्यात आहे, तिथले जमीन बळकावण्याचे तंत्र शोधपत्रकारांनी २०१७ मध्ये उघडकीला आणले. ते कामगार न्यायमंडळातून चालत असे. मालक परगावी असतो. काही माणसे आपण त्याच्याकडे नोकरीला होतो, पगार थकला, असा दावा करतात. समन्स चुकीच्या पत्त्यावर लावले जाते, कोणी हजर राहत नाही, एकतर्फी निकाल होतो. थकबाकीपोटी मालमत्ता जप्त होऊन लिलावात कवडीमोलाने जाते. मालकाला हे कळते ते अंमलबजावणी अधिकारी पोलिसांसह दारात आल्यावर. हे तंत्र चालत होते तेव्हा राज्यपाल असलेले रोबेर्तो बोर्खे यांना जून २०१७ मध्ये पनामात अटक झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये मेक्सिकोच्या ताब्यात दिले गेले. त्या न्यायमंडळांच्या जागी आता कामगार न्यायालये आली आहेत. पण गैरहजर मालक हे या तंत्राचे मूळ भक्ष्य, आणि ह्यूस्टनहून वर्षातून एकदा जाणारा मालक गैरहजरच असतो. कोकणातल्या बंद घराची हद्द जशी शेजारी हळूच सरकवतो, तसेच हे.

म्हणून खरेदीआधी दलालाकडून कागद न घेता स्वतःच्या वकिलाकडून काढून घ्यावेत. राष्ट्रीय कृषी नोंदणीची ‘फिना’ नावाची यादी इंटरनेटवर खुली आहे. त्यात एहिदोचे नाव टाकले की त्याला जमीन कधी मिळाली, किती, आणि त्यावर पुढे काय कार्यवाही झाली ते दिसते. सार्वजनिक मालमत्ता नोंदणीतून त्या मिळकतीच्या क्रमांकाचा बोजा नसल्याचा दाखला घ्यावा, आणि एका दाखल्यावर समाधान न मानता आधीच्या मालकांची साखळी मूळ मालकीपत्रापर्यंत मागे न्यावी. साखळीत एखादे हस्तांतर न्यायालयीन लिलावातून झालेले दिसले, तर त्या खटल्याची फाइल उघडून समन्स कुठे बजावले ते पाहावे. मोजणी स्वतंत्र भूमापकाकडून करून एहिदोच्या नकाशावर ठेवून बघावी. मिळकत कराची पावती मालकीचा पुरावा नाही. आपल्याकडेही नाही, पण परदेशात गेल्यावर आपण हे विसरतो. नोटरीची निवडही खरेदीदाराने करावी. मेक्सिकोचा नोटरी हा शासनाने नेमलेला ज्येष्ठ वकील असतो आणि खरेदीखत त्याच्याच समोर होते, पण विकणाऱ्याने सुचवलेला नोटरी कोणाचे हित पाहील, हे सांगायला नको.

खरेदी झाल्यावरही दर तीन-चार महिन्यांनी बोजाचा दाखला काढत राहावे. त्यात जप्तीची किंवा दाव्याची नोंद दिसली तर तीच पहिली सूचना. आपल्याला न कळवता खटला चालला असेल, तर ‘खटल्याबाहेरचा तिसरा पक्ष’ म्हणून संघीय न्यायालयात ‘अंपारो’ची, म्हणजे घटनेतले हक्क वाचवण्यासाठीची, याचिका करता येते, पण कळल्यापासून साधारणपणे १५ कामकाजाचे दिवसच हातात असतात. स्थगितीसाठी ताबा दाखवावा लागतो. तिथे व्यवसाय परवाना, कर विवरणपत्रे आणि कर्मचाऱ्यांच्या सामाजिक विम्याच्या भरण्याच्या पावत्या उपयोगी पडतात. त्या हॉटेलच्या कपाटात ठेवल्या आणि हॉटेलच गेले, तर पुरावाही गेला. प्रमाणित प्रती वकिलाकडे असू द्याव्यात.

कर्मचाऱ्यांबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. बेदखलीत मालक पैसा गमावतो, तर खोल्या झाडणारी चियापास किंवा युकातान राज्यातून आलेली बाई त्या रात्रीच राहण्याची जागाही गमावते, कारण अनेकांची राहण्याची सोय हॉटेलातच असते. मेक्सिकोच्या कामगार कायद्यात याला उत्तर आहे. नव्या चालकाने हॉटेल चालूच ठेवले तर तो ‘बदली मालक’ ठरतो, जुनी सेवा धरली जाते, आणि जुना मालक सहा महिने त्याच्यासोबत जबाबदार राहतो. हे कर्मचाऱ्यांना कोणी सांगत नाही. तिथे गुंतवणूक करणाऱ्या आपल्या लोकांनी निदान नेमणुकीची पत्रे आणि विम्याची नोंद चोख ठेवली, तर त्या बाईला दावा करता येतो.

ज्यांना फक्त सुट्टीला किंवा लग्नाला जायचे आहे, त्यांनी आगाऊ रक्कम बँक हस्तांतराने देऊ नये, क्रेडिट कार्डाने द्यावी, म्हणजे सेवा न मिळाल्यास हरकत घेता येते. करारात हॉटेलचा ताबा गेल्यास पर्यायी जागा कोण देणार हे लिहून घ्यावे, आणि वाळूवरच्या मंडपाचा परवाना कोणाच्या नावे आहे तेही विचारावे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहणाऱ्यांनी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत अडकू देऊ नये. परतीचा अमेरिकी व्हिसा त्याच पासपोर्टवर असतो आणि भारतीय दूतावास कानकूनला नाही, मेक्सिको सिटीत आहे.

आपला विश्वासू,
परदेशातील जमीन-व्यवहारांचे काम करणारा एक वकील,
ह्यूस्टन (मूळ रत्नागिरी)