गोल आकारामागचा त्रिकोण

जुने संसद भवन (आताचे संविधान सदन) मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यातील मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून बेतले, हे विधान पुन्हा पुन्हा छापून येते. दोन्ही वास्तू गोल आहेत, एवढ्यावरच ते उभे आहे. आराखडे शेजारी ठेवून पाहावेत. मंदिरात ओवऱ्यांचे खांब आतल्या अंगणाकडे आहेत आणि बाहेरची भिंत बंद. दिल्लीत नेमके उलटे: सुमारे २७ फूट उंचीचे १४४ खांब बाहेरच्या व्हरांड्यात.

मुख्य फरक पोटात आहे. दिल्लीच्या इमारतीत मधोमध ९८ फूट व्यासाच्या घुमटाखाली मध्यवर्ती सभागृह (आधी ते ग्रंथालय होते, १९४६ मध्ये संविधान सभेसाठी बदलले) आणि त्याभोवती अर्धवर्तुळाकार तीन दालने, दालनांच्या मधल्या जागेत चौक. तीन दालने का, तर केंद्रीय विधानसभा (कनिष्ठ सभागृह), कौन्सिल ऑफ स्टेट (वरिष्ठ सभागृह) आणि संस्थानिकांचे नरेंद्र मंडळ अशा तीन संस्था बसवायच्या होत्या. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांची मूळ कल्पना त्रिकोणी इमारतीची होती. त्यांचे सहकारी वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांनी गोलाचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. ५६० फूट व्यासाच्या वर्तुळात तो त्रिकोण आजही वाचता येतो. पुढे वर मजले चढले आणि घुमट रस्त्यावरून जवळजवळ दिसेनासा झाला, त्यामुळे लोकांच्या नजरेत फक्त बाहेरचे कडे उरले.

शालेय पुस्तकांत आणि बातम्यांत बाहेरच्या छायाचित्रासोबत तळमजल्याचा आराखडाही छापावा.

— एक वाचक, पुणे