बाटल्यांसोबत स्पीकरही मोजा

महोदय,

दिवाळी सरली की बामणोलीच्या काठावर वासोटा किल्ल्याला निघालेल्यांची गर्दी सुरू होते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याच्या चौकीत नावनोंदणी होते, सॅकमधलं प्लास्टिक मोजलं जातं, अनामत घेतली जाते आणि परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत मिळतात. ही पद्धत मला मनापासून आवडते. मात्र त्याच सॅकमधून ब्लूटूथ स्पीकर वर नेणारे महाभाग असतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या पुढच्या घोळक्याने पहिला चढ संपायच्या आत गाणी लावली, ती गडाच्या दरवाजापर्यंत.

हे कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गवे, अस्वलं, बिबटे, सांबर, भेकर, शेकरू इथे राहतात. तरी ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत हिरमुसून उतरणारे पुष्कळ भेटतात. दिसणार कसं? एवढ्या दाट रानात जनावर आधी ऐकू येतं, मग जमलं तर दिसतं. वानर खाकरलं किंवा भेकर भुंकलं की गावचा वाटाड्या जागीच थबकतो, कारण जवळपास बिबट्या असण्याची शक्यता असते. गाण्यांच्या धांगडधिंग्यात यातलं काय कानावर पडणार?

धनेश पक्ष्याचं तर याहून अवघड. विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर फळं आणून भरवेल तेवढंच तिचं खाणं. धनेश मुळात बुजरा. खाली गलका असला तर तो ढोलीकडे यायला बिचकतो, आणि ट्रेक तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालूच असतात.

‘आवाज केला की अस्वल लांब राहतं,’ असं काही ट्रेक लीडर सांगतात. त्यात तथ्य आहे. वळणावर अस्वल अवचित समोर येण्यापेक्षा त्याला आपली चाहूल लागलेली बरी. त्यासाठी दोन शब्द मोठ्याने बोलणं, काठी आपटणं पुरतं. गुरांमागे फिरणारी माणसं पिढ्यानपिढ्या हेच करत आली आहेत. अस्वलाला डीजे लागत नाही!

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कचरा करणं आणि वन्यप्राण्यांना त्रास देणं या दोन्हींना एकाच पोटकलमात मनाई आहे. तेव्हा बाटल्या मोजतानाच स्पीकर चौकीत काढून ठेवून घ्यावेत, परतीला पावती दाखवून ज्याचा त्याला द्यावा. वाटाड्या बरोबर असेल तर तो नावापुरता नको, गोंगाट थांबवायला सांगण्याचा अधिकार त्याला हवा. एरवी पैसे देणाऱ्या पाहुण्यांना तो बिचारा काय बोलणार? कोयना धरणात या काठच्या कित्येक घरांची शेतं गेली, पुढे अभयारण्याची बंधनं आली. या कामावर पहिला हक्क त्यांच्याच मुलांचा. त्यांचं मानधन आयोजकांनी ट्रेकच्या शुल्कातच धरावं, म्हणजे ऐन चौकीत घासाघीस होणार नाही.

— एक गिरिप्रेमी वाचक, सातारा